रीः रीः सी. डी. देशमुख स्कॉलरशिप – बॉटनीवालीचा अर्ज धरायचा की नाही?

स्कॉलरशिप कमिटी, मंगळवार रात्री

मंडळी, शुक्रवारच्या आत उत्तर हवंय म्हणून सगळ्यांना टाकतेय. आपल्या अमेरिकेतल्या मंडळाच्या देशमुख स्कॉलरशिपला सात अर्ज आलेत, सहा सरळ आहेत. सातव्या मुलीचा मेजर (मुख्य विषय) प्लांट बायॉलॉजी, म्हणजे बॉटनी, वनस्पतीशास्त्र. आपल्या फॉर्मात नियम ४ म्हणतो 'फायनान्स, अकाउंटिंग किंवा इकॉनॉमिक्स'. निबंध तिचाच सगळ्यात चांगला आहे आणि मार्कही. धरायचा की परत पाठवायचा? प्लीज फक्त यावरच बोला, गणपतीच्या हिशोबाचा विषय इथे नको.

साऊंडवाले दादा

हिशोब कोणी काढलाय? मी फक्त विचारलं होतं की दोन स्पीकर स्टँड गेले कुठे, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. असो. नियम ४ राहू दे, नियम २ बघा. पालक सलग दोन वर्षं सभासद पाहिजेत. तिचे आईवडील मागच्या दिवाळीला नॉन-मेंबर तिकिटावर आले होते, दारावर मीच बसलो होतो. म्हणजे विषय तिथेच संपला ना?

माजी अध्यक्ष

सर्वांना नमस्कार. हा फॉर्म बनवायला आम्ही चौघं तीन रविवार माझ्या बेसमेंटमध्ये बसलो होतो, त्यामुळे कोणीही उठून नियम ४ काय असावा हे सांगू नये ही नम्र विनंती. देणगी देणाऱ्यांनी देशमुखांचं नाव मुद्दाम दिलंय. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ साली. १९४४ ला ब्रेटन वुड्सच्या परिषदेत (आयएमएफ आणि जागतिक बँक जिथे ठरली) भारतातर्फे. १९५० पासून अर्थमंत्री, त्यांच्याच काळात १९५५ ला स्टेट बँक झाली, ५६ ला आयुर्विमा सरकारकडे आला, आणि मग मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून राजीनामा नेहरूंच्या हातात. अशा माणसाच्या नावाचे पैसे झाडपाल्याला द्यायचे? माझ्याकडे त्यांची सही असलेली एक रुपयाची नोट आहे, फ्रेम करून लावलीय, ज्यांनी पाहिली असेल त्यांना कळेल मी काय म्हणतोय.

रोह्याच्या वहिनी

काका, झाडपाला म्हणालात म्हणून गप्प बसवेना. देशमुख स्वतः केंब्रिजला झाडपालाच शिकले!! जीझस कॉलेज, बॉटनी, केमिस्ट्री, जिऑलॉजी, आणि बॉटनीचं फ्रँक स्मार्ट प्राइझ मिळवलं. १९१७ ला पदवी, पुढच्या वर्षी लंडनला आयसीएसची, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सनदी नोकरीची परीक्षा आणि त्यात पहिला नंबर, मग मध्य प्रांत-वऱ्हाडात नोकरी. रिझर्व्ह बँकेत गेले १९३९ मध्ये, म्हणजे त्रेचाळिशीत. अर्थशास्त्राची डिग्री त्यांनी घेतलेलीच नाही. जन्म महाडजवळच्या नात्याचा पण लहानपण आमच्या रोह्यात गेलं, तेव्हा एवढं तरी आम्हाला बोलू द्या. तुमच्या नियम ४ प्रमाणे सी. डी. देशमुखांचा अर्ज सी. डी. देशमुख स्कॉलरशिपला चालला नसता.

आणि दादा, नियम २ चं पण तेच. १९१२ ला मॅट्रिकला ते पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट स्कॉलरशिप मिळाली. नाना शंकरशेट जातीने दैवज्ञ, देशमुख सीकेपी. वडील कुठल्या मंडळाची वर्गणी भरतात हे विचारलं नाही कोणी, संस्कृतचे मार्क बघितले.

मला हे लागतं त्याचं कारण सांगते. अकरावीत असताना मी आमच्या ज्ञातीच्या एका फंडाकडे अर्ज केला होता, दादरला एका हॉलच्या मागच्या खोलीत ऑफिस. पुस्तकं मिळायची, पैसे नाही, आणि वर्ष संपलं की परत करायची, पेन्सिलची रेघ असली तर खोडरबरने तिथेच बसून खोडून द्यायची. तर त्या खिडकीतल्या माणसाने बाबांना सगळ्यांसमोर विचारलं, गेल्या साली वर्गणी का नाही भरली? बाबांची गिरणी तेव्हा संपात होती. बाबा काही बोलले नाहीत, माझा हात धरून दादर स्टेशनपर्यंत चालत आले. पुस्तकं नंतर मावशीने घेऊन दिली. त्यामुळे 'दारावर मीच बसलो होतो' असं कोणी लिहिलं ना, की मला ती खिडकी दिसते.

साऊंडवाले दादा

वहिनी मला तसं म्हणायचं नव्हतं, पर्सनली घेऊ नका. मी फक्त नियम वाचून दाखवला.

अळूवड्यावाल्या काकू

माझ्या ऑफिसात एक पोलिश बाई आहे, तिच्या नातीला दरवर्षी त्यांच्या पोलिश नॅशनल अलायन्सकडून स्कॉलरशिप मिळते. १८८० ची संस्था, खूप जुनी. ते तर फक्त मेंबरनाच देतात आणि कोणी भांडत नाही. आपल्यातच का एवढं? बाय द वे शनिवारी अळूवड्या किती करू ते कोणीच सांगितलं नाही, पानं मिळत नाहीयेत, आयत्या वेळी शंभर म्हणालात तर जमणार नाही.

खजिनदार

काकू, ८० करा.

आता पोलिश लोकांचं. त्या संस्था फ्रॅटर्नल बेनिफिट सोसायट्या आहेत, अमेरिकेच्या टॅक्सच्या कायद्यात ५०१(सी)(८). खाणीत नाहीतर कारखान्यात माणूस गेला तर बायकोमुलांना काही मिळावं म्हणून स्थलांतरितांनी लॉज (संस्थेच्या स्थानिक शाखा) काढले, विमा हाच त्यांचा पाया. मेंबर म्हणजे बहुतेक वेळा पॉलिसी घेतलेला माणूस, आणि स्कॉलरशिप हा मेंबर असण्याचा एक फायदा. आपण ५०१(सी)(३), चॅरिटी. आपल्या देणगीवर लोक टॅक्स वाचवतात. सभासदांनी पैसे गोळा करायचे, सवलत घ्यायची आणि ते सभासदांच्याच मुलांना वाटायचे, हे चॅरिटीत बसत नाही. हे मी मागच्या एजीएमला (वार्षिक सभेला) सांगितलं होतं, तेव्हा सगळे जेवायला उठले होते. म्हणजे नियम २ मुळातच काढायला हवा, ही मुलगी असो नसो.

दुसरं, माजी अध्यक्षसाहेब, तुमची नोट एक रुपयाची असू शकत नाही. एक रुपयाची नोट सरकार काढतं, त्यावर अर्थसचिवाची सही असते, गव्हर्नरची नाही. तुमची दोनची असणार, सहाव्या जॉर्जच्या चित्राची. फ्रेम उघडून बघा.

माजी अध्यक्ष

उघडून बघितली. दोनची आहे. ४० वर्षं मी एकची समजत होतो, वडिलांनी तसंच सांगितलं होतं. यावरून माझ्या मूळ मुद्द्याला काही धक्का बसत नाही.

खजिनदार

धक्का बसत नाही, पण एक आठवण करून द्यायची आहे, वाईट वाटून घेऊ नका. निवड कमिटीत अर्जदाराचा नातेवाईक चालत नाही. तुमची पुतणी अर्ज क्रमांक ३ आहे आणि तुम्ही कमिटीत आहात.

माजी अध्यक्ष

ती माझी चुलतपुतणी आहे आणि मी तिच्या अर्जाला हातही लावलेला नाही. पण ठीक आहे, कमिटीतून बाजूला होतो. १५ वर्षांत असं कोणी बोललं नव्हतं. बेसमेंटमध्ये मंडळाचे खोके आहेत ते मात्र या वीकेंडला घेऊन जा.

रोह्याच्या वहिनी

काका, रागावू नका. खोके आमच्या गराजमध्ये ठेवू. आणि शनिवारी ती नोट घेऊन या, माझ्या मुलांना दाखवायचीय, देशमुखांच्या सहीची नोट त्यांनी कधी हातात घेतलेली नाही.

स्कॉलरशिप कमिटी, गुरुवार

देणगी देणाऱ्यांना फोन केला. त्यांना बॉटनीचं माहीतच नव्हतं, बराच वेळ हसत होते. म्हणाले विषयाची अट काढून टाका, त्यापेक्षा निबंधात 'पैसा किंवा बँक या विषयावर काहीही' ठेवा. मुलीने लिहिलंय योगायोगाने बी-बियाण्यांच्या बँकेवर, म्हणजे तेही बसतं. नियम २ या वर्षापुरता स्थगित, एजीएमला कायमचा काढू, कृपया जेवणाआधी घेऊ. सातही अर्ज धरले आहेत.

चेक मुलीच्या नावे काढायचा की युनिव्हर्सिटीच्या?

खजिनदार

युनिव्हर्सिटीच्या, चेकवरच्या मेमोत (टिपणाच्या ओळीत) विद्यार्थ्याचं नाव आणि आयडी. ट्यूशन, फी आणि कोर्सच्या पुस्तकांना गेले तर डिग्री करणाऱ्याला टॅक्स नाही, हॉस्टेल आणि जेवणाला वापरले तर टॅक्स लागतो, मग एप्रिलमध्ये टॅक्स भरायच्या वेळी पोरं मला फोन करतात.

साऊंडवाले दादा

स्पीकर स्टँड सापडले. माजी अध्यक्षांच्या बेसमेंटमध्ये, खोक्यांच्या मागे.