‘क’ दाखवला की मुले ‘कमळ’ म्हणतात. अक्षराचा आवाज कसा शिकवावा?

पडवीतली बालवाडी, वेंगुर्ले

नमस्कार. जून महिन्यापासून मी आमच्या घराच्या पडवीत तीन ते पाच वर्षांच्या नऊ मुलांची बालवाडी चालवते. बहुतेक मुले मासेमारी करणाऱ्या घरांतली असून घरी मालवणी बोलतात. भिंतीवर बाजारातला अक्षरांचा तक्ता आहे आणि तो आम्ही रोज सकाळी सुरात म्हणतो. चार महिन्यांत तो सर्वांना तोंडपाठ झाला. परंतु पाटीवर सुटा ‘क’ काढून ‘हे काय?’ असे विचारले, तर उत्तर ‘कमळ’ असे येते. ‘ग’ पाहून एका मुलीने तर चक्क हात जोडले.

पालकांना मात्र इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी गाणी हवी आहेत. त्यांच्या आग्रहाखातर पावसाला ‘परत जा’ म्हणणारे गाणे मी भर आषाढात शिकवले, तेव्हा कौलांवरच्या आवाजात आम्हालाच आमचे गाणे ऐकू येईना. मुले ‘आंबो’, ‘ससो’ म्हणतात, तेही सुधारावे की नाही, हे समजत नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षिका, गुहागर

ताई, मुलांचे काहीच चुकलेले नाही. आपण त्यांना चित्राचे नाव शिकवले आणि त्यांनी ते नेमके लक्षात ठेवले. तक्ता दोन महिने उतरवून ठेवावा, असे मी सुचवेन; कारण रंगीत कमळ शेजारी असताना काळ्या रेघांच्या ‘क’कडे पाहण्याचे कोणत्याही मुलाला कारण नाही.

आधी कान तयार करावा. आपल्याकडची मुले माशांची नावे आपल्यापेक्षा चांगली जाणतात. बांगडा, बोंबील, बोय ही नावे सावकाश म्हणून घ्यावीत आणि प्रत्येक वेळी सुरुवातीला ओठ कसे मिटतात, ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहून त्यांनाच शोधू द्यावे. मग मध्येच ‘सुरमई’ घालून, यांत वेगळी कोण, असे विचारावे. पाटी, खडू यांची गरज येथे अजिबात नाही. मुलाने ‘आंबो’ म्हटले तरी सुरुवातीचा ‘आ’ तोच आहे, म्हणून त्याला अडवू नये. आपण मात्र बोलण्याच्या ओघात ‘आंबा’ म्हणत राहावे.

दोन गोष्टी तक्ता सांगत नाही. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ यांचे मराठीत दोन-दोन उच्चार आहेत. ‘चमचा’तला ‘च’ आणि ‘चंद्रा’तला ‘च’ वेगळा, ‘जाळे’ आणि ‘जेवण’ यांतला ‘ज’ वेगळा, आणि ‘चिंच’ या एवढ्याशा शब्दात तर दोन्ही ‘च’ बसले आहेत. आवाजांचा खेळ खेळताना हे शब्द एकाच टोपलीत टाकले, तर कानाने बरोबर ऐकणारे मूलच गोंधळते. दुसरे असे, की ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्दाची सुरुवात होत नाही, त्यामुळे हे आवाज ‘कोण’, ‘नारळ’ अशा शब्दांच्या शेवटी ऐकवावे लागतात. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांना या वयात खुशाल रजा द्यावी.

अक्षरे दाखवायची वेळ आली, की ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंतच्या क्रमाने जाऊ नये. ‘ग’, ‘म’, ‘न’ ही आकाराने जवळची अक्षरे आधी घेतली, तर तीनच अक्षरांत ‘मन’, ‘गगन’, ‘नमन’ असे शब्द वाचता येतात.

अंगणवाडी सेविका, अलिबाग

बाईंचे बहुतेक म्हणणे पटते, परंतु एका ठिकाणी माझा अनुभव वेगळा आहे. आमच्या मुलांच्या आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ आणि ‘ळ’चा ‘ल’ होतो, त्यामुळे ‘माळ’ आणि ‘माल’ हे शब्द कितीही वेळा ऐकवले, तरी त्यांना ते एकच वाटतात. तेथे नुसते ऐकवून भागत नाही. जीभ उलटी वळवून टाळूला कशी लागते, हे आरशात दाखवावे लागते. त्यावर कोणी हसले, तर ते मूल आठवडाभर तोंड उघडत नाही.

साधने विकत घेण्याची घाई करू नये. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आपल्याच किनाऱ्यावरच्या बोर्डी गावात बालवाडीचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया आणि पाने अशा आसपासच्या वस्तूंनाच त्यांनी साधने बनवले. मॉन्टेसरीबाईंची बोटाने गिरवायची खरकागदाची अक्षरे उत्तम आहेत, परंतु आमच्याकडे पावसाळ्यातील दमट हवेत ती दोन आठवड्यांत सुटून आली. त्याऐवजी मी थाळीत कोरडी वाळू पसरते. मूल आवाज म्हणत बोटाने अक्षर काढते, थाळी हलवली की पाटी कोरी होते.

इंग्रजी माध्यमाची बालशिक्षिका, चिपळूण

इंग्रजीबद्दल लिहिते, कारण पालकांचा आग्रह केवळ हौसेचा नसतो. पहिलीच्या प्रवेशाची चिंता त्यामागे असते. मराठीत अक्षराचे नाव आणि आवाज जवळजवळ एकच असतात, इंग्रजीत तसे नाही. ‘डब्ल्यू’च्या नावात ‘व’ कोठेच ऐकू येत नाही, ‘एच’च्या नावात ‘ह’ नाही. म्हणून नावे पाठ झालेले मूल इंग्रजी वाचू लागेल, हा समज पालकांना शांतपणे समजावून सांगावा लागतो.

आपल्या व्यंजनांत ‘अ’ मिसळलेला असल्यामुळे आपण शिक्षकच इंग्रजी आवाजांना ‘अ’ चिकटवतो, आणि मग ‘बॅट’चे ‘बअ-ॲ-टअ’ होते, ज्यातून ‘बॅट’ जुळत नाही. ‘स’, ‘म’, ‘न’ हे आवाज ‘अ’ न लावता लांबवता येतात, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करावी.

गाण्यांच्या बाबतीत मात्र मी मालवणीच्या बाजूने आहे. गाण्यातून अर्थापेक्षाही यमक आणि ठेका कानात बसतो, आणि तो घरच्या बोलीत लवकर बसतो. मी माझ्या वर्गासाठी एक ओळ रचली होती: ‘माड हललो, वारो इलो, तांडेल होडी घेवन गेलो.’ टाळ्या वाजवत ती म्हणून झाली, की ‘लो’ने संपणारे आणखी शब्द मुले स्वतःहून जोडतात, त्यांतले निम्मे निरर्थक असतात, तरी चालतात.

पडवीतली बालवाडी, वेंगुर्ले

सर्वांचे आभार. पंधरा दिवसांपूर्वी तक्ता उतरवला. एका वडिलांनी फी भरताना ‘तक्ता खंय गेलो?’ असे विचारले, तेव्हा मी त्यांच्या मुलालाच ‘ब’चे मासे विचारले, त्याने ‘बांगडो’ आणि ‘बोंबील’ सांगितले, ‘बोय’ वडिलांनी जोडली. वाळूची थाळी सुरू केली आहे, मात्र वाळू एकमेकांच्या डोक्यावर जाते, म्हणून एका वेळी दोनच मुलांना बसवते. ‘ट’ आणि ‘ठ’ अजून कोणालाच वेगळे ऐकू येत नाहीत. ‘ग’, ‘म’, ‘न’ दिवाळीनंतर घेईन.