४ फुटी टँकला कॅनिस्टर: डब्यावरचा आकडा बघायचा की आतली जागा?

इंदिरानगर_अँजल

नमस्कार मंडळी. ४८ × १८ × १८ इंचाच्या माशांच्या टँकसाठी कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर) घ्यायचाय. सध्या दोन हँग-ऑन (काचेवर टांगायचे छोटे फिल्टर) चालू आहेत. मासे: ६ अँजल, १५ ब्लॅक विडो टेट्रा, २ ब्रिसलनोज प्लेको. झाडांत जावा फर्न आणि अनुबियास, कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर नाही. पाणी नाशिक महापालिकेचं, पण उन्हाळ्यात सोसायटी त्यात बोअरचं मिसळते. कॅबिनेटची आतली उंची ६० सेंमी.

यादीत दोन उरलेत. आयहाइम क्लासिक ३५० (ताशी ६२० लिटर, १५ वॉट) आणि सनसन एचडब्ल्यू-३०३बी (ताशी १४०० लिटर, ३५ वॉट, शिवाय ९ वॉटची यूव्ही, म्हणजे अतिनील ट्यूब). दुकानात सांगतात की ताशी टँकच्या दहापट पाणी फिरलंच पाहिजे. त्या हिशेबाने दोन्ही कमी पडतात. हे कितपत खरं? आणि लाईट गेल्यावर कॅनिस्टरचं काय करायचं तेही सांगा.

गोदाकाठ_अॅक्वा

आधी पाणी नक्की किती ते काढा. इंचातली लांबी × रुंदी × उंची भागिले ६१ म्हणजे लिटर. तुमचे २५५ येतात. वरची दोन इंच मोकळी जागा, वाळू, लाकूड, दगड वजा केले की साधारण २१० उरतात. फिल्टर या २१० लिटरसाठी घ्यायचा.

दहापटीचा नियम गोल्डफिश, ऑस्कर अशा भरपूर घाण करणाऱ्या माशांना ठीक आहे. अँजलला तो उलट त्रासाचा. अंग चपटं, पंख लांब; जोराच्या प्रवाहात ते दिवसभर एका कोपऱ्यात तग धरून उभे राहतात आणि खाणंही कमी करतात. तुमच्या टँकमध्ये ताशी अडीच ते चारपट खरा प्रवाह पुरेसा आहे.

‘खरा’ हा शब्द इथे महत्त्वाचा. डब्यावरचा आकडा मीडिया (आत भरायचे स्पंज, रिंग्ज वगैरे) न भरता मोजलेला असतो. मीडिया भरला, नळ्या जोडल्या की त्यातला ४० ते ५० टक्के गेला असंच धरून चाला, आणि स्पंज मळला की आणखी घट. म्हणजे ६२० चे प्रत्यक्षात साडेतीनशेच्या आसपास, १४०० चे सातशे-आठशे. तुमच्या टँकला पहिला एकटा तोकडा पडेल, दुसरा पुरेल. माझं मत विचाराल तर दोन्हींच्या मधला क्लासिक ६०० बघा: ताशी १००० लिटर, २० वॉट. बजेटमध्ये बसत नसेल तर ३५० घ्या आणि एक हँग-ऑन कायमचा चालू ठेवा. ही जोडीही उत्तम चालते.

प्रवाह घरी मोजता येतो. बाहेर पडणाऱ्या नळीचं तोंड टँकमधल्या पाण्याच्या पातळीला धरून मोजमापाची बादली भरायची. १० लिटरला ६० सेकंद लागले तर ताशी ६०० लिटर. नळी खाली जमिनीवरच्या बादलीत सोडून मोजू नका, सायफनचा जोर मिळून आकडा फुगतो. नवीन फिल्टर बसवल्या दिवशी मोजून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. पुढे प्रवाह त्याच्या दोन तृतीयांशावर आला की फिल्टर उघडायची वेळ झाली.

आता खरी गोष्ट. माशांच्या घाणीतून होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट संपवायचं काम बॅक्टेरिया करतात, आणि ते मीडियाच्या पृष्ठभागावर राहतात. त्यामुळे लिटर-प्रति-तास बघून झालं की बास्केटमध्ये, म्हणजे डब्यातल्या कप्प्यांत, किती लिटर मीडिया मावतो ते बघा. दुकानात टेप घेऊन जा, बास्केटची आतली लांबी × रुंदी × उंची सेंमीत मोजून १००० ने भागा. तुमच्या टँकला सगळं मिळून ४-५ लिटर मीडिया बसला की निश्चिंत. आणखी एक बघायचं: बास्केट आणि डब्याच्या भिंतीमध्ये फट किती आहे. फट मोठी असेल तर पाणी मीडियातून न जाता बाजूने निसटतं. प्रवाह जोरात दिसतो, पण पाणी काही स्वच्छ होत नाही. क्लासिकमध्ये बास्केटच नसतात, मीडिया थेट डब्यात, म्हणून ही अडचण येत नाही; मात्र धुताना सगळं हाताने बाहेर काढावं लागतं.

भरायचा क्रम: आयहाइम आणि सनसन, दोन्हींत पाणी तळातून वर चढतं. म्हणून तळाशी जाड छिद्रांचा स्पंज, त्यावर बारीक स्पंज, मग सिरॅमिक रिंग्ज, सगळ्यात वर वूलचा (फिल्टरच्या कापसाचा) पातळ थर. वूल तळाशी टाकलं तर आठवड्यात चोंदतं. काही मॉडेलमध्ये प्रवाहाची दिशा वेगळी असते, तेव्हा माहितीपत्रकातला बाण बघूनच भरा. अॅक्टिव्हेटेड कार्बन (फिल्टरमधला कोळसा) रोज लागत नाही. औषध दिल्यावर ते पाण्यातून काढायला वापरा आणि तीन-चार आठवड्यांत फेकून द्या.

सिडको_प्लांटेड

वरच्याशी सहमत. एक भर: पाणी ओढणाऱ्या पाईपच्या जाळीवर स्पंजची टोपी घाला. पानं आणि विष्ठा तिथेच अडकते. टोपी आठवड्याला बादलीत पिळायची, मग कॅनिस्टर दोन-तीन महिने उघडायला लागत नाही.

लाईटचं बोलू. कॅनिस्टर हा बंद डबा. पाणी थांबलं की आतले बॅक्टेरिया त्यातला ऑक्सिजन वापरून टाकतात आणि बाहेरून नवा येत नाही. तासाभराने काही बिघडत नाही. वीज कंपनीच्या देखभालीच्या दिवशी लाईट चार-पाच तास जाते तेव्हा मात्र आत सडायला सुरुवात होते, आणि लाईट आल्याबरोबर ते घाण पाणी सरळ टँकमध्ये येतं. म्हणून चार तासांच्या वर बंद राहिला तर प्लग काढा, डबा उघडा, आतलं पाणी ओता, मीडिया टँकमधून बादलीत काढलेल्या पाण्यात हलकेच खंगाळा आणि मगच चालू करा. उघडल्यावर सडक्या अंड्यासारखा वास आला तर अजिबात तसाच जोडू नका.

इन्व्हर्टर असेल तर प्रश्न मिटला. ३५ वॉटचा पंप पाच तासांत १७५ वॉट-तास खातो, म्हणजे १५० एएचच्या बॅटरीचा जेमतेम दहावा हिस्सा. इन्व्हर्टर साइन वेव्ह हवा. स्क्वेअर वेव्हवर या मोटारी गुणगुणतात, तापतात, कधीकधी सुरूच होत नाहीत.

बिलाचाही विचार करा. फिल्टर २४ तास चालतो. ३५ वॉट म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट, १५ वॉट म्हणजे ११.

यूव्हीसाठी जास्त पैसे देऊ नका. पाणी हिरवं झालं, म्हणजे तरंगतं शेवाळ आलं, तर यूव्ही खरंच कामाची. गढूळपणा किंवा काचेवरचं शेवाळ तिने जात नाही. पेटलेल्या ट्यूबकडे थेट बघायचं नाही, डोळ्यांना इजा होते.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० ला टेकतो आणि टँक सहज ३० च्या वर जातो. २० अंशांना पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० ला साडेसातच. तेव्हा स्प्रे बार (परतीच्या पाण्याची छिद्रांची नळी) पृष्ठभागाजवळ आणा, पाणी हललं पाहिजे. थंडीत परत खाली केलात तरी चालेल.

इंदिरानगर_अँजल

दोघांचे आभार. क्लासिक ६०० नक्की करतोय. आता दोन शंका. हँग-ऑन कधी काढायचे? आणि गळतीची भीती वाटते, खाली लाकडी कॅबिनेट आहे.

पंचवटी_जलजीवन

हँग-ऑन लगेच काढू नका, तुमचे सगळे बॅक्टेरिया सध्या त्यांच्यातच आहेत. कॅनिस्टर त्यांच्यासोबत किमान चार आठवडे चालवा. शेवटी एक हँग-ऑन काढून त्याचा जुना स्पंज कापून कॅनिस्टरमध्ये टाका, आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट तपासा, दोन्ही शून्य असतील तरच दुसरा काढा. मीडिया कधीच नळाखाली धुवायचा नाही. गंगापूर धरणाचं पाणी आपल्याकडे क्लोरीन घालून येतं आणि ते बॅक्टेरियांना मारतं. पाणी बदलताना काढलेल्या बादलीतच धुवा.

गळती बहुतेक वेळा फिल्टरच्या डोक्याखालच्या (पंप असलेल्या झाकणाखालच्या) ओ-रिंगमुळे, म्हणजे रबरी कड्यामुळे होते. तिथे वाळूचा एक कण किंवा केस अडकला तरी थेंब सुरू होतो. प्रत्येक वेळी उघडलात की रिंग काढा, खाच कापसाने पुसा, रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. व्हॅसलिन नको, त्याने रबर फुगतं. एक रिंग आणि एक इम्पेलर (पंपातलं फिरतं पातं) फिल्टरबरोबरच घेऊन ठेवा. सुटे भाग शहरात मिळतात का, हे फिल्टर ठरवण्याआधीच दुकानात विचारा. माझ्या लेखी हा ब्रँडच्या नावाइतकाच मोठा मुद्दा आहे.

क्लासिकला पाणी चढवायचं बटण नसतं. नळ्या जोडून झाल्यावर बाहेर जाणारी नळी तोंडाने ओढून सायफन सुरू करायचा, डबा भरू द्यायचा, आणि मगच प्लग लावायचा. कोरडा चालवू नका. सुरुवातीला हवेचा खडखडाट येईल, डबा हळूच डावी-उजवीकडे कलता केला की हवा निघून जाते. दोन्ही नळ्यांवर सुटे होणारे डबल टॅप असले पाहिजेत, नाहीतर दर साफसफाईला कॅबिनेट भिजेल. नळीची टोकं जोडण्याआधी गरम पाण्यात बुडवा म्हणजे घट्ट बसतात. परतीचं तोंड पाण्यात फार खोल ठेवू नका. नळी निसटली तर त्या तोंडाच्या पातळीपर्यंत टँक उलटा रिकामा होतो.

पहिले २४ तास फिल्टर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोरड्या वर्तमानपत्रावर ठेवा. कागदावरचा एक थेंबसुद्धा लगेच दिसतो. प्लगजवळ वायरला खाली झोल द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता झोलावरून खाली पडतं. त्या लाईनवर ३० मिलिअॅम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असलाच पाहिजे.

बोअरच्या पाण्याने इम्पेलरच्या दांड्यावर पांढरा क्षार चढतो, मग आवाज वाढतो आणि प्रवाह घटतो. एक लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून इम्पेलर अर्धा तास बुडवा, ब्रशने घासा, भरपूर धुवा. दांडा सिरॅमिकचा असतो, वाकवायचा प्रयत्न झाला की तुटतो. तेव्हा इम्पेलर काढताना सरळ वर ओढा.