‘आउटकम मेजरमेंट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: मानसोपचारावरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. उपचार घेणाऱ्यात काय बदल झाला हे दर भेटीला प्रश्नावली भरून घेऊन बघतात, त्यासाठी हा शब्द आहे. मी ‘फलनिष्पत्ती-मापन’ लिहिलं, पण फार सरकारी वाटतंय.

प्रतिसाद १: ‘निष्पत्ती’ नकोच, ती शेवटी हाती येते. इथे मोजणं उपचार चालू असतानाच होतं. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, बेरीज २७ पर्यंत. डॉक्टर तोंडी विचारतात तेच हे: ‘काही फरक वाटतोय का?’ म्हणून ‘फरकाची नोंद’ लिहा.

प्रतिसाद २: ‘गुण’ का नको? औषधाचा गुण आला असं म्हणतोच की आपण.

प्रतिसाद १: ‘गुण’ वाचला की मार्क आठवतात, आणि खरा वाद तिथेच आहे. इंग्लंडच्या मानसोपचाराच्या सरकारी योजनेत २००८ पासून असे आकडे गोळा होतात, निम्मे लोक बरे व्हावेत असं उद्दिष्टही ठरवलेलं. नैराश्याचा आकडा १० च्या खाली, चिंतेच्या वेगळ्या प्रश्नावलीचा ८ च्या खाली, की माणूस ‘बरा’. म्हणजे चिंतेचा आकडा खाली असेल तर नैराश्यात ११ वरून ९ वर आलेला बरा झाला, आणि २४ वरून १२ वर आलेला, जो कदाचित महिन्यांनी अंथरुणातून उठला असेल, तो बऱ्यांत नाही. अशा आकड्यावर थेरपिस्टची किंमत ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रतिसाद ३: मी समुपदेशक आहे. उद्दिष्टाबद्दल पटलं, पण मोजणं सोडू नका. २००५ च्या एका अमेरिकन अभ्यासात ५५० जणांपैकी ४० जणांची स्थिती बिघडली. कोणाचं बिघडेल असं थेरपिस्टना आधी विचारलं तेव्हा त्यांनी फक्त तिघांबद्दल तसं सांगितलं होतं, त्यातला एकच अंदाज खरा ठरला. समोर बसून ‘बरंय आता’ म्हणणारी माणसं कागदावर खरं लिहितात, हे मी नेहमी बघते. आता शब्दाचं. ‘फरक पडला’ म्हणजे बरं वाटलं, असंच आपण ऐकतो. बिघडणंही त्यात यायला हवं. ‘चढउताराची नोंद’ कसं वाटतं?

प्रश्नकर्ती: हेच घेते. आणि ‘गुण’ऐवजी ‘आकडा’.

प्रतिसाद ३: छान. एक ओळ मात्र ठळक छापा: पीएचक्यू-९ मधला नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. तिथे १ जरी आला, तरी बेरीज कितीही कमी असो, त्याच भेटीत त्याबद्दल बोलायचं.