सृष्टीचे सहा दिवस आणि दहावीचा पहिला धडा

नगरची_बाई (धागा)

मी नगर जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये संडे स्कूल घेते. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांतीचा. मागच्या आठवड्यात तो शिकवून झाला, तेव्हा माझ्याच संडे स्कूलमध्ये वाढलेला एक मुलगा तास संपल्यावर मागे थांबला. म्हणाला, "बाई, पेपरात काय लिहायचं ते कळलं. पण खरं काय मानायचं?"

त्याआधीच्या रविवारी उपदेशात सांगण्यात आलं होतं, की उत्क्रांती मानायची असेल तर पवित्र शास्त्र मिटून ठेवा. तोही ऐकत होता, मीही ऐकत होते. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगते. देवाने सृष्टी निर्माण केली हे मी मनापासून मानते. सगळे सजीव एका जुन्या वंशातून बदलत बदलत आले, हेही मानते.

बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाचा पहिला अध्याय उघडा. देवाने सहा दिवसांत सृष्टी केली, ते तिथे आहे. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला. मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ आणि सकाळ कशाने झाली? हा प्रश्न डार्विनच्या कितीतरी आधीचा आहे. तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने तो विचारला. पुढे बिशप ऑगस्टीनने याच अध्यायावर वर्षानुवर्षे लिहिलं आणि बजावून ठेवलं, की ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावावर निसर्गाबद्दल काहीबाही बोलू नये. ऐकणाऱ्याला त्यातलं कळत असेल, तर तो पुनरुत्थानाबद्दलही आपलं ऐकणार नाही. दुसऱ्या अध्यायात तर क्रमच निराळा आहे: आधी माणूस, मग बाग, मग जनावरं. दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवणाऱ्याला हे दिसलं नसेल असं मला वाटत नाही.

आणि हे भांडण वाटतं तितकं जुनं नाही. डार्विनचा ग्रंथ १८५९ मध्ये आला. अमेरिकेत त्याची बाजू सर्वांत हिरिरीने मांडली ती एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञाने, आणि तो श्रद्धावान प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाचा) होता. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावी उत्क्रांती शिकवली म्हणून स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला, त्याला शंभर डॉलर दंड झाला. त्या खटल्यात बायबलच्या बाजूने उभे राहिलेले ब्रायन यांनीसुद्धा उलटतपासणीत कबूल केलं, की ते दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असं नाही. सहा हजार वर्षांची पृथ्वी आणि सगळे जीवाश्म नोहाच्या जलप्रलयातले, ही मांडणी चर्चांमध्ये पसरली ती मुख्यतः १९६१ नंतर. अमेरिकेत एका धर्मपंडिताने आणि एका जलअभियंत्याने मिळून लिहिलेल्या पुस्तकामुळे. आज ती आपल्याकडे मोबाईलवर येते आणि आपण तिला बापजाद्यांची श्रद्धा समजतो.

बिरुयाकर

प्रभूमध्ये सलाम, ताई. तुम्ही पोटतिडकीने लिहिलं आहे, म्हणून मीही मोकळेपणाने लिहितो.

निर्गम २०:११ वाचा. सहा दिवस काम कर, सातव्या दिवशी विसावा घे, कारण परमेश्वराने सहा दिवसांत आकाश, पृथ्वी, समुद्र केले. एकाच आज्ञेत दिवस हा शब्द माणसाच्या आठवड्यासाठी आहे आणि देवाच्या आठवड्यासाठीही. एका ठिकाणी दिवस आणि दुसऱ्या ठिकाणी कोट्यवधी वर्षं, हे वाचणाऱ्याने कशाच्या आधारावर ठरवायचं?

पण माझी खरी हरकत दिवसांची नाही, आदामाची आहे. पौलाचं रोमकरांस पत्र, पाचवा अध्याय: एका माणसामुळे पाप जगात आलं आणि पापामुळे मरण. तुमचा धडा सांगतो की माणूस येण्याआधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते, एकमेकांना फाडून खात होते. मग मरण पापाचं वेतन कसं? पौल पहिल्या आदामासमोर शेवटचा आदाम, म्हणजे येशू, उभा करतो. पहिला नुसता दृष्टांतातला असेल, तर दुसरा खरोखर कशासाठी मेला? लूकने येशूची वंशावळ आदामापर्यंत नेली आहे. त्या यादीत कोणत्या नावापासून माणसं खरी धरायची, ते सांगा.

सारखेपणाचं म्हणाल तर एकाच कुंभाराची मडकी सारखी असणारच. आणि डोंगरात शिंपले सापडतात ते जलप्रलयाचेच साक्षीदार आहेत.

काळा_पाषाण

फक्त जलप्रलयाबद्दल. मी भूशास्त्र शिकलो आहे, श्रद्धेच्या वादात पडत नाही.

सह्याद्रीतला कुठलाही घाट चढताना रस्त्यासाठी कापलेली भिंत पाहा. काळ्या खडकाच्या दोन जाड थरांमध्ये पुष्कळदा विटकरी रंगाचा पातळ पट्टा दिसतो. बोट लावलं तर हाताला लाल माती लागते. एक लाव्हा वाहून थंड झाला, उन्हापावसात त्याचा वरचा भाग झिजला, आणि मग दुसरा लाव्हा येऊन त्यावर पसरला. तो पट्टा म्हणजे मधला काळ. असे थर एकावर एक आहेत आणि हा सगळा उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. वर्षभराच्या पुराखाली उन्हात झिजलेली माती तयार होत नाही.

मुंबईत वरळीला याच लाव्हाथरांच्या मधल्या गाळात लहानशा बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं रिचर्ड ओवेनने, आणि तो पुढे डार्विनचा कडवा विरोधक झाला. दोन उद्रेकांच्या मधे तिथे गोड्या पाण्याचं तळं होतं, बेडूक होते. जग बुडवणाऱ्या पुरात तळं कुठून येणार?

वसईची_वाडी

आम्हा कॅथलिकांकडे हा वाद एवढा तापत नाही. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी एका पत्रात मानवी शरीराच्या उत्क्रांतीवर विचार करायला मोकळीक दिली. १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे म्हणाले की उत्क्रांतीचा सिद्धांत आता नुसत्या गृहीतकापलीकडे गेला आहे. २०१४ मध्ये फ्रान्सिस यांनी सांगितलं की देव म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे. वाटाण्यांवर आनुवंशिकता शोधणारा मेंडेल मठवासी होता. विश्वाचा आरंभ एका अतिशय घन 'आदिअणू'तून झाला असं मांडणारा लमेत्र हा आमचाच धर्मगुरू.

पण बिरुयाकरांचा प्रश्न हलका समजू नका. पायस यांनी त्याच पत्रात आत्मा थेट देव देतो हे ठामपणे सांगितलं, आणि मानवजात एका जोडप्याऐवजी अनेकांपासून आली हे मत मूळ पापाच्या (आदामाकडून सगळ्यांना आलेल्या पापाच्या) शिकवणीशी कसं जुळेल ते दिसत नाही, असंही लिहिलं. ती गाठ आमच्याकडेही पुरती सुटलेली नाही.

नगरची_बाई

दादा, मडक्यांचा दाखला मला आवडला, म्हणून त्याच दाखल्यात उत्तर देते.

बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. शेळीला लिंबू लागत नाही. आपल्याला लागतं, कारण ते बनवणारा जनुक आपल्यात आहे पण मोडलेला आहे. चिंपांझीतही तो मोडलेला आहे, आणि मोडतोडीच्या खुणा आपल्याशी जुळतात. गिनीपिगमध्येही तो बंद आहे, पण निराळ्या तऱ्हेने. सारखी मडकी एकाच कुंभाराची असतील, हे मान्य. पण दोन मडक्यांना त्याच जागी तोच तडा दिसला, तर ती एकाच साच्यातून निघाली असंच आपण म्हणू ना?

दुसरं, आपल्यात गुणसूत्रांच्या २३ जोड्या, चिंपांझी-गोरिलात २४. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन गुणसूत्रं टोकाला टोक लागून जुळलेलं आहे. जी खूण टोकाला असायची ती मधोमध सापडते. २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावी शाळेत उत्क्रांतीला पर्याय शिकवण्यावरून झालेल्या खटल्यात जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर यांनी न्यायाधीशांना हेच समजावून सांगितलं, आणि मिलर श्रद्धावान कॅथलिक आहेत. मला देव खोट्या खुणा पेरणारा वाटत नाही. त्याने निर्माण केलेल्या पेशीत जे लिहिलंय ते वाचणं मला भक्तीच वाटते.

आदामाचं उत्तर माझ्याकडे तेवढं पक्कं नाही. हे मी लपवत नाही.

शून्यापासून

बाई, तुमचा प्रामाणिकपणा आवडला. पण तुम्ही अर्ध्या वाटेवर थांबला आहात असं मला वाटतं, आणि हे मी तुम्हाला दुखवण्यासाठी लिहीत नाही.

खिडकीच्या चौकटीवर कुंभारीण माशी मातीचं घर करते. मी लहानपणी एक फोडलं होतं. आत सात-आठ कोळी गच्च भरलेले. मेलेले वाटले. एकाला काडी लावली तर पाय हलला. माशी त्यांना डंख मारून लुळं करते, मारत नाही, कारण तिच्या अळीला ताजं अन्न हवं. अळी त्यांना जिवंतपणी खाते. डार्विनने १८६० मध्ये एसा ग्रेलाच पत्र लिहिलं, की सुरवंटाला आतून खाणाऱ्या अशाच माशा दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम निर्माण केल्या असतील, हे मला पटवून घेता येत नाही. ग्रे यांच्याकडे उत्तर असेल, मला अजून मिळालेलं नाही. उत्क्रांती ज्या यंत्राने चालते ते यंत्र म्हणजे हेच: जास्त जन्म, जास्त मरण. देवाने हीच पद्धत निवडली असं म्हणण्यापेक्षा कुणीच निवडली नाही, हे मानणं मला सोपं जातं आणि देवाच्या दृष्टीनेही सभ्य वाटतं.

बिरुयाकर

या भावाने नेमकं बोट ठेवलं. ताई, मी म्हणतो तेच तो दुसऱ्या टोकाने म्हणतोय. कोळ्याचा तो हलणारा पाय देवाने "फार चांगले आहे" म्हणून पाहिला असं मी मानणार नाही. उत्पत्ती १:३० मध्ये देवाने पशुपक्ष्यांना हिरवी वनस्पती खायला दिली. यशयाच्या अकराव्या अध्यायात सिंह बैलासारखा कडबा खाईल असं वचन आहे. सुरुवातही तशी होती, शेवटही तसा आहे. मधली रक्ताची नदी आमच्या पापाने आणली. हे काढून घेतलं तर या भावाला द्यायला तुमच्याकडे काय उरतं?

वसईची_वाडी

थॉमस अक्वायनस हा आमचा धर्मपंडित तेराव्या शतकातला, डार्विनचं नावही ऐकलेलं नाही. तो म्हणतो, माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही. सिंह आणि ससाणा आधी गवत खात होते असं म्हणणं त्याला पटत नव्हतं.

नगरची_बाई

दादा, स्तोत्र १०४ काढा. हे सृष्टीचंच स्तोत्र आहे. त्यात तरुण सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि देवाजवळ आपलं अन्न मागतात. स्तोत्रकर्ता त्याबद्दल देवाची स्तुती करतो, शिकारीचा पापाशी संबंध कुठेही जोडत नाही. ईयोबाच्या पुस्तकात देव स्वतः विचारतो, की सिंहिणीसाठी शिकार तू करतोस का. तिथे शिकार हे देवाने भरवलेलं पान आहे.

पौलाने सांगितलेलं मरण मी देवापासून तुटण्याचं मरण असं वाचते. आदामाला "ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील" असं सांगितलं होतं, आणि तो त्यानंतर कित्येक वर्षं जगला. म्हणजे त्या दिवशी काहीतरी मेलंच, पण ते शरीर नव्हतं.

कोळ्याबद्दल मात्र मी गप्प आहे. ते वाचून रात्री झोप लागली नाही. माझ्या देवाने क्रूसावर जिवंतपणी यातना भोगल्या, एवढंच माझ्याजवळ आहे. ते कोळ्याला कसं लागू पडतं हे मला सांगता येणार नाही, पण लांबून बघणाऱ्या देवाची मी भक्ती करत नाही, एवढं नक्की.

संगमनेरी

इतके दिवस नुसतं वाचत होतो. मी त्या मुलाच्या वयाचा असताना मलाही असंच सांगितलं होतं, हे किंवा ते. मी ते निवडलं. पुढे बारा वर्षं चर्चची पायरी चढलो नाही, वडिलांच्या अंत्यविधीलाच गेलो. भजनं तोंडपाठ होती, ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. कुणाचं बरोबर ते तुम्ही ठरवा. पण मुलासमोर ही निवड टाकण्याआधी, तो दुसरी निवडू शकतो हे धरून चाला.

बिरुयाकर

भाऊ, तुमच्या वडिलांसाठी प्रार्थना केली. पवित्र शास्त्र मिटून ठेवा असं कुणालाही सांगू नये, हे मला मान्य आहे. मी आदामावरून हटत नाही, पण मिटलेल्या शास्त्रात तो तरी कुणाला भेटणार?

ताई, त्या मुलाला तुम्ही उत्तर काय दिलंत? ते राहिलंच.

नगरची_बाई

उत्तर दिलं नाही. उत्पत्तीचे पहिले चार अध्याय सावकाश वाच आणि जिथे अडशील तिथे पेन्सिलीने खूण कर, असं सांगितलं. काल संडे स्कूलनंतर तो वही घेऊन आला. दोन रकाने पाडले होते, पहिल्या अध्यायाचा क्रम एकीकडे, दुसऱ्याचा दुसरीकडे, बाण काढून जोडलेले. आणि खाली वेगळा प्रश्न: आपला भाऊ हाबेल याला मारल्यावर आदामाचा मुलगा काइन म्हणतो, जो कोणी मला भेटेल तो मला मारून टाकील. तेव्हा जगात होतं कोण, ज्याची त्याला भीती वाटावी?

बिरुयाकर

उत्पत्ती ५:४ दाखवा त्याला. आदामाला आणखी मुलगे आणि मुली झाल्या.

नगरची_बाई

दाखवते. पण दादा, पुढच्या रविवारी तुम्हीच या ना आमच्याकडे. नगर बसस्टँडवरून मी घ्यायला येते.