मदत हवी आहे: रिले चिकटला, पंप बंदच होईना. कॉन्टॅक्टर लावू का?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंदूरला, लोकमान्यनगरात राहतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते खालच्या हौदात साठवून १ एचपीच्या पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढवतो. आईचे गुडघे दुखतात, तिला सारखं उठायला लागू नये म्हणून मी नोडएमसीयू (वायफायचा छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि ५ व्होल्टचा रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर पंप चालू-बंद करणारा स्विच) बसवला. टाकीत फ्लोट (पाण्यावर तरंगणारा स्विच) आहे, टाकी भरली की पंप बंद. चार महिने छान चाललं.

परवा मी कामावर असताना टाकी वाहायला लागली. मोबाइलवर पंप 'बंद', रिलेवरचा दिवा विझलेला, आणि पंप चालूच! शेवटी शेजारच्या काकांनी एमसीबी पाडला. रिले काढून मल्टिमीटर लावला, तर कॉइलला काही न देताही कॉम आणि एनओमध्ये (पंपाची वीज ज्या दोन टोकांतून जाते) बीप वाजतो, म्हणजे आतले संपर्क चिकटलेत.

रिलेवर १० अँपिअर लिहिलंय, पंप चालताना ५-६ घेतो, म्हणून मी निर्धास्त होतो. तो आकडा हीटरसारख्या लोडचा असतो हे आता कळलं. मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट ओढते.

त्याहून भीती वेगळ्याच गोष्टीची वाटली. लाल वायर बघून मी रिले जोडला होता, पण घराच्या जुन्या वायरिंगमध्ये रंग उलटे निघाले. म्हणजे इतके दिवस रिले न्यूट्रल तोडत होता आणि पंप बंद असतानाही मोटरपर्यंत फेज पोचत होता. आई त्याच हौदातून बादली भरते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) लगेच बसवून घेतला, पंपाचं अर्थिंगही तपासून घेतलं. आता २३० व्होल्ट कॉइलचा दोन पोलचा कॉन्टॅक्टर (मोटरसारख्या लोडसाठीचा दणकट रिले) घ्यायचं मनात आहे, म्हणजे फेज-न्यूट्रल दोन्ही तुटतील आणि छोटा रिले फक्त कॉइल चालवेल. या कॉइलवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (मेन्सच्या व्होल्टेजसाठीचा) कपॅसिटर असा स्नबर (कॉइल बंद होताना उठणारा व्होल्टेजचा झटका शोषणारी जोडणी) पुरेल का? मोटरसाठी एसी-३ (मोटर लोडचं) रेटिंग किती अँपिअरचं बघू? महाराणी रोडचे एक दुकानदार सॉलिड स्टेट रिले (हलणारे संपर्क नसलेला इलेक्ट्रॉनिक रिले) घ्या म्हणतात, पण तो बिघडला की बहुतेकदा शॉर्टच होतो, म्हणजे चालूच राहतो, म्हणून मन धजत नाही.

आणि मुख्य प्रश्न: उद्या कॉन्टॅक्टरही चिकटला तर? पंपाच्या फेजवर करंट सेन्सर लावून, 'बंद' सांगूनही करंट वाहत असेल तर घरात बझर वाजवावा, असं डोक्यात आहे. कुणी असं केलंय का? सेन्सर कोणता वापरलात? तोवर पंप हातानंच चालवतोय.