अजिंठ्याला जाताना तुम्ही कुठल्या स्टेशनावर उतरलात?

दिवाळीनंतर आईबाबांना अजिंठा दाखवायचाय. निघणार मुंबईहून. लेण्यांपाशी रेल्वे जात नाही हे ठाऊक आहे, पण जळगाव की छत्रपती संभाजीनगर यावरून घरात दोन तट पडलेत. जळगाव साठेक किलोमीटर, संभाजीनगर शंभराच्या आसपास. नकाशा एवढंच सांगतो. तुम्ही कुठे उतरलात, किती वाजता, पुढे कसे गेलात, म्हातारी माणसं बरोबर होती का, ते लिहा. भुसावळ, पाचोरा असले प्रकार केले असतील तर तेही येऊ द्या.

खानदेशी
माझं गावच जळगाव, त्यामुळे मत एकतर्फी धरा. पाहुणे आले की अजिंठा ठरलेला, म्हणून सांगतो: किलोमीटर नंतर बघा, आधी पोचायची वेळ बघा. मुंबई-जळगाव सव्वाचारशेच्या आसपास. संध्याकाळी सुटणाऱ्या नागपूरकडच्या गाड्या मध्यरात्र उलटली की जळगावात टाकतात. लेणी उघडतात नऊला. तोवर वेटिंग रूममध्ये डास मारत बसायचं, नाहीतर आमच्यासारख्यांची दारं वाजवायची. त्यापेक्षा दिवसाची गाडी धरा, रात्री गावात मुक्काम करा, थंडीत येताय तर भरीत खा आणि सकाळी संभाजीनगरकडे जाणारी एसटी पकडा. नेरी, पहूर, वाकोद करत ती फर्दापूरला, म्हणजे लेण्यांच्या फाट्याजवळच्या गावाला आणते. आणि स्टेशनाबाहेर पडल्यावर समोर बस उभी असेल असं समजू नका, बसस्थानकापर्यंत रिक्षा लागते.

घाटमाथा
खानदेशी दादांच्या फर्दापूरला जोडून. संभाजीनगरहून येणाऱ्यांनी हे नीट वाचा. फुलंब्री, सिल्लोड, गोळेगाव झालं की अजिंठा गाव लागतं. पाटी दिसली रे दिसली की निम्मी बस उठून बॅगा काढायला लागते. कंडक्टर मागे वळून ओरडतो, "लेणीवाले बसा खाली, अजून घाट उतरायचाय!" कारण गाव घाटाच्या वर आणि लेण्यांचा फाटा घाटाच्या पायथ्याशी, फर्दापूरच्या अलीकडे. तिकीट काढतानाच "लेणी फाटा" म्हणा. फाट्यावर खासगी गाड्याही थांबवतात. पुढचे चार किलोमीटर सगळ्यांनाच तिथल्या बसने जावं लागतं, मग तुम्ही एसटीने आलेले असा की विमानाने.

पुणेरी पगडी
पुण्याहून आम्ही संभाजीनगर धरलं ते वेरूळसाठी. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. आमची सुट्टी नेमकी सोमवार-मंगळवार होती. म्हणून सोमवारी वेरूळ आणि दौलताबाद, मंगळवारी अजिंठा. अजिंठा बघून परत शंभर किलोमीटर मागे कशाला जायचं? तसेच पुढे जळगावला उतरलो आणि रात्रीच्या महाराष्ट्र एक्सप्रेसने पुण्याला आलो. हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत जो तो "कुठून आलात तिथूनच परत" हेच धरून चालतो. टॅक्सीवाल्याने तर जळगावला सोडायचं म्हणून परतीच्या रिकाम्या फेरीचे पैसे मागितले. नाही म्हटलं, एसटीने गेलो. जायचं आणि यायचं स्टेशन एकच असलं पाहिजे हा हट्ट सोडलात तर तुमच्या घरातला वाद तिथेच मिटेल.

संत्रानगरी
नागपूर बाजूच्यांसाठी. जळगावचं तिकीट मिळेना म्हणून भुसावळला उतरलो. काही बिघडलं नाही. जळगावला न थांबणाऱ्या काही गाड्या भुसावळला थांबतात, आणि दोन्हींत अंतर पंचवीसेक किलोमीटरचं. फक्त भुसावळहून थेट बसच्या नादी न लागता आधी जळगाव गाठा.

भाग्यनगरचा मराठी
"अजिंठा एक्सप्रेस" नावाला भुलू नका! ही आमच्या हैदराबादहून मनमाडला जाते आणि अजिंठ्याच्या आसपासही फिरकत नाही. आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने नाव बघून शेवटच्या स्टेशनापर्यंतचं तिकीट काढलं होतं. उतरायचं संभाजीनगरलाच. गाडी आमच्या सोयीची आहे, एका रात्रीत तिथे. आणि जुन्या याद्यांत हे स्टेशन औरंगाबाद म्हणूनच सापडेल, स्टेशनाचं नाव २०२५ मध्ये बदललं.

जुना प्रवासी
पाचोऱ्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. पूर्वी मेन लाइनवरून पाचोऱ्याला उतरायचं आणि पलीकडच्या फलाटावर उभ्या असलेल्या पीजेत बसायचं. पाचोरा-जामनेर, छप्पन्न किलोमीटरची नॅरोगेज. शेंदुर्णी करत पहूर. पहूर म्हणजे जळगाव-संभाजीनगर रस्त्यावरचंच गाव, तिथून एसटी. इतकी हळू चालायची की पोरं उतरून शेतातले हरभऱ्याचे टहाळे उपटून पुन्हा चढत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये थांबली ती थांबलीच. आता ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत न्यायची म्हणतात. तोवर पाचोऱ्याला उतरण्यात अर्थ नाही, स्वतःची गाडी न्यायला येणार असेल तर गोष्ट वेगळी.

सूनबाई
धागाकर्तीला थेट सल्ला, कारण माझ्या सासूबाईंचे गुडघे आणि तुमच्या आईबाबांचे गुडघे साधारण एकाच वयाचे असावेत. आम्ही वंदे भारत घेतली. सीएसएमटीहून दुपारी सुटते, संध्याकाळी सातच्या सुमारास संभाजीनगर. आता ती नांदेडपर्यंत जाते, त्यामुळे उतरायला आधीच दाराशी येऊन उभे राहा. देवगिरी एक्सप्रेस स्वस्त पडते, पण पहाटे अंधारात उतरवते, आणि म्हातारी माणसं त्या वेळी "चहा कुठे मिळेल" याशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. रात्र झोपून काढली, सकाळी गाडी करून निघालो.

लेण्यांपाशी बस सोडते तिथून वर पायऱ्या आहेत. सासूबाईंनी डोली केली, आधी लाजल्या आणि नंतर उतरायला तयार होईनात. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघून थोडं बसायचं, मग सव्विसाव्यातला निजलेला बुद्ध. मधलं सगळं बघायचा अट्टाहास नको.

परतताना जळगाव धरणार असाल तर सामानाचं आधी ठरवा. सगळं बरोबर घेऊन लेणी होत नाहीत. स्टेशनावरच्या क्लोकरूममध्ये ठेवायचं तर प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. आमच्या एका पिशवीला चेनच नव्हती, ती घेतली नाही.

खानदेशी
@सूनबाई, म्हणूनच म्हणतो, गाडी केलीच आहे तर सामान डिकीत ठेवा आणि संध्याकाळी आमच्याकडे उतरा. आणि २०२४ मध्ये जालना-जळगाव नवी रेल्वे मंजूर झालीये, १७४ किलोमीटरची, अजिंठ्यावरून. ती सुरू झाली की हा धागा वर काढू. तोवर फर्दापूर, लेणी फाटा.