लिफ्टमधलं कुत्रं आणि "तो काही करत नाही हो"

भित्री_भागूबाई
मला कुत्र्यांची भीती वाटते. कधी चावलं वगैरे नाही, उगाचच वाटते. आमच्या मजल्यावर एक लॅब्रॅडॉर आहे. लिफ्टचं दार उघडलं की आधी कुत्रं, मग वावभर दोरी, मग मोबाइलवर बोलणारे काका. ते थेट माझ्या पिशवीत नाक खुपसतं. परवा म्हटलं, "काका, जरा जवळ धरा ना." तर म्हणाले, "तो काही करत नाही हो, तुम्ही घाबरता म्हणून हुंगतो." आता बोला! भांडण नकोय, पण रोज जिने चढायचे का मी?

दोन_कुत्र्यांचा_बाप
घरात दोन कुत्री असूनही सांगतो, काकांचं चुकतंय. "काही करत नाही" हे मालकालासुद्धा आजवरचंच माहीत असतं.

लिफ्टमध्ये कुत्र्याला मागे सरकायला जागा नसते. मोकळ्यावर जे बाजूला झालं असतं, ते इथे अडकतं. शेपूट हलतेय म्हणजे खूश आहे, असंही नाही. अंग सैल आणि कमरेसकट डोलतंय, तर ठीक. शेपूट उंच, ताठ, नुसतं टोक थरथरतंय आणि तोंड मिटलेलं, तर लांब राहा. ओठ चाटणं, झोप नसताना जांभया, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसणं, हे बहुधा गुरगुरण्याच्या आधी येतं. "एकदम चावला" म्हणणाऱ्यांचं याकडे लक्षच नसतं, मालक धरून.

आणि ती लांब होत जाणारी दोरी लिफ्टमध्ये नकोच. कुत्रं आत, मालक बाहेर, दार बंद, लिफ्ट सुटली, की गळ्यातल्या पट्ट्याचा फास होतो. असे अपघात झालेले आहेत. तुमची भीती काकांना पटत नसेल तर हे सांगा.

मी कुत्र्याला कोपऱ्यात बसवून मध्ये उभा राहतो. आत कोणी असेल तर आधी विचारतो, "येऊ का?" नको म्हणाले तर पुढची लिफ्ट. त्यात कसला आलाय अपमान? तुम्ही फक्त त्याच्याकडे टक लावून बघू नका आणि पिशवी वर उचलू नका, ते उडीचं आमंत्रणच.

तळमजला
आमच्याकडे लिफ्टच नाही, अंगणात शी आहे. मालक म्हणतात, खत होतं.

दोन_कुत्र्यांचा_बाप
@तळमजला, डोंबलाचं खत! कुत्र्याच्या पोटात गोलकृमी असतील तर त्यांची अंडी शीतून मातीत जातात. ताजी असताना त्यांची लागण होत नाही, काही आठवड्यांनी व्हायला लागते, आणि मातीत ती वर्षानुवर्षं टिकू शकतात. म्हणून त्याच वेळी उचलायची. त्याच मातीत पोरं खेळतात.

गुडघे_गेले
माझी कुत्री म्हातारी आहे, जिना चढवत नाही तिला. लोक लगेच कुत्र्यांना लिफ्टबंदी करा म्हणतात, त्याचीच धास्ती वाटते.

भित्री_भागूबाई
@गुडघे_गेले, नाही हो, बंदी कशाला? ती खुशाल येऊ दे, फक्त पिशवीपासून लांब. काकांना उद्या दोरीचं सांगते. "येऊ का?" असं ते विचारतील असं वाटत नाही, तेव्हा मीच "थांबा" म्हणेन. फोन ठेवला तर ऐकू जाईल!